कुशाबाईचा टाक

चाकणच्या पेठेत आबाजी सोनाराला कुणी धड शहाणा म्हणत नसे. गिऱ्हाईक दारात तिष्ठत उभं, आणि हा बाबा कांद्याच्या गोंड्यावर चांदीची तार गुंडाळून कर्णफुलं करतोय! बाटलीचं बूच असो की चिंचोका, त्याच्या हाती लागलं की त्याचा दागिनाच व्हायचा. "खेळल्याबिगर धातू वळत न्हाई," म्हणायचा.

असल्या माणसाच्या हातात माझं लग्न अडकलं होतं. छप्पन्न साल. मला बिजवराला दिलेली. त्याची पहिली बायको कुशाबाई तापानं गेलेली. आमच्याकडची रीत अशी, की मेलेल्या सवतीची मूर्त उठवलेला चांदीचा टाक गळ्यात बांधल्याशिवाय दुसरीच्या डोक्यावर अक्षता पडत नाहीत. नाहीतर म्हणे ती धरते. मी भीतीनं अर्धी झालेली. लग्नाच्या दिवशी सकाळी माझा बाप आणि होणारी सासू तानाबाई मला घेऊन दुकानात आले, तर टाक तयारच नाही! मुहूर्त बाराचा.

"दोनदा केला, दोनदा मोडला," आबाजी म्हणाला. "कुशा त्यात येईना."

कुशाबाईचेच तोडे आटवून त्यानं पत्रा केला होता. तो लाखेवर बसवून टकटक ठोकू लागला. मधेच स्वतःशी हसायचा. आमचा जीव टांगणीला, आणि ह्याचे खेळ! असा संताप आला मला.

"तिला कधी बघितलंस का गं?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"मग भितीस कशापायी? हितं बसून माझ्यासंगं बुचांची फुलं करायची ती."

अकरा वाजून गेल्यावर त्यानं टाक माझ्या तळहातावर ठेवला. टाकातली बाई कशी ताठ, डोळे वटारलेली असते. ही कमरेवर हात ठेवून हसत होती, तोंड भरून! आणि वरच्या ओळीत एका दाताची जागा रिकामी.

तानाबाईनं झडप घालून टाक घेतला. बघितला मात्र, तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मोड ह्यो! आत्ताच्या आत्ता मोड!"

"का वो, तानाबाई?" आबाजीनं विचारलं.

"म्या न्हाई पाडला तिचा दात!"

दाताचं कुणी विचारलंच नव्हतं. आबाजीनं हातोडी खाली ठेवली. माझ्या बापानं मान खाली घातली.

मेलेलीची भीती कुठल्या कुठं गेली होती, आता जिवंत बाईची वाटत होती. कुठून बळ आलं देव जाणे, मी सासूच्या मुठीतनं टाक सोडवला. म्हटलं, "मला हीच पायजे." आबाजीनं काळा दोरा ओवून दिला, आणि मी तो माझ्या हातानं बांधला.

पहिल्याच वर्षी भाकरी करपली म्हणून सासूनं माझ्यावर फुंकणी उगारली. मी मागं सरले नाही. पदर बाजूला करून टाक पुढं धरला. तिचा हात न मारताच खाली आला.

आता माझ्या तोंडाचं बोळकं झालंय. पण सगळे दात वयानं पडले, बायांनो. एकही कुणी पाडला नाही.