सुलटी बाजू कंची?

काल नांदेडच्या दुकानात मांजरपाटाचा तागा उलगडला आणि त्या कोऱ्या खळीच्या वासानं मी थेट उदगीरला, गंगाक्कांच्या ओसरीवर जाऊन बसले.

गंगाक्का आमच्या शेजारीण. माहेर बिदरकडचं. पांढऱ्या कापडावर काळ्या दोऱ्यानं कसुती भरायला त्यांनीच मला शिकवलं. कापडाचे धागे मोजून टाका घ्यायचा, पुढची तेवढीच जागा सोडायची आणि परत येताना सोडलेल्या जागा भरायच्या. गाठ कुठंच मारायची नाही. मी कितीही हौसेनं मोर दाखवला तरी त्या आधी कापड उलटं करायच्या. मागं दोऱ्यांचं जाळं दिसलं की म्हणायच्या, "उसव गं. पुढून तर कुणाचंबी चांगलंच दिसतंय."

लई राग यायचा त्यांचा. तरी उसवायची आणि पुन्हा भरायची.

एका दुपारी मी गोपूर भरलेला रुमाल त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो उलटा केला, पुन्हा उलटा केला, दारातल्या उजेडात धरला. मग चष्मा कपाळावर सरकवून मलाच विचारलं, "यातली सुलटी बाजू कंची हाय गं?"

मी नुसती हसत राहिले. मला तरी कुठं ठाऊक होतं!

आज कालच्या कापडावर तेच गोपूर भरायला घेतलंय. मधेच उठताना मी मुद्दाम कापड पालथं ठेवते. लेक येता-जाता बघते आणि म्हणते, "मस्त झालंय, आई."

उलटून मात्र बघत नाही.