खेमसिंगच्या कमरेची घुगरी

सकाळी सकाळी डोंगरावरून छुमछुम आवाज आला की नवा माणूस हमखास फसायचा. मांगच्या वर्षी आमचे व्याही महागावचा बाजार करून मुक्कामाले आले होते. अंगणात चहा पेता पेता म्हणाले, "काय ईनबाई, तांड्यात आज लगन हाये का? नवरी चालून राह्यली वाटते."

मी म्हटलं, "हो, नवरीच हाये. सहा फूट उंच, पांढऱ्या मिशीची, तोंडात बिडी. जा, पाहून या."

ते खरंच पाहून आले. आले अन् थंड झालेला चहा एका घोटात पेले. त्यांनी पाह्यला तो खेमसिंग. वरच्या तांड्यातला. त्याच्या वावराचा अन् माह्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, एकच, म्हणून हे सगळं मले माहीत. बाकी लोकांले काय, तोंड हाये म्हणून हसतात.

त्याच्या कमरेले बायकोची घुगरी बांधली असे. खायच्या घुगऱ्या नाही बाप्पा! बंजारा बाया लग्न झालं की कानाजवळ केसात चांदीचे झुबके लटकवतात, बारक्या बारक्या घुंगरांचे, त्याले घुगरी म्हणतात. नवरा हाये तोवर बाईनं घालायची, नवरा गेला की उतरवायची. बाई पहिले गेली तर सुनेकडं जायची. पुरुषाच्या आंगावर जायची चीजच नाही ती. पण खेमसिंगनं घातली, अन् काहून घातली ते ऐका. मंग हसायचं तर हसा.

आमच्याकडं डोंगराच्या उतारावर लोकांचं मालकीचं सागवान हाये. वनखात्याचा माणूस येऊन बुंध्यावर हातोड्यानं शिक्का मारते, मंगच झाड तोडता येते. तोडणं सोपं हो. आता तर मशीनची करवत आली, चहा पेऊन होईस्तोवर झाड आडवं. खरी कसरत हाये ते लाकूड उतारावरून खाली सडकेपर्यंत आणायची. तिथं ट्रॅक्टर चढत नाही, बैलाचा पाय घसरते. तिथं खच्चरच पाह्यजे. खेमसिंगजवळ दोन होत्या, लाली अन् भुरी. माळेगावच्या जत्रेतून आणल्या, तेव्हा दोघी एवढ्या अडेल होत्या की विकणारा पैसे मोजून जो पळाला तो मांगं वळून पाह्यलं नाही त्यानं.

त्याइले वळण लावलं ते धानीनं. धानी म्हणजे खेमसिंगची बायको. ती मारत नसे, ओरडत नसे, नुसती पुढं चाले. "आव, आव," म्हणे तिच्या बोलीत, अन् घुगरी वाजवत चालू लागे. काय सांगू, त्या दोन आडमुठ्या तिच्या मांगं लेकरावानी जात. धानी पुढं, मधात खच्चरं, त्याइच्या मांगं साखळीनं घसटत येणारं लाकूड, अन् सगळ्यात मांगं पहार घेऊन खेमसिंग. लाकूड घसरू लागलं की पहार खुपसून त्याले अडवायचं, म्हणून मांगं एक माणूस लागतेच. म्हणजे पाहा, अख्खी जिंदगी दोघं एकाच कामावर, पण कामावर त्याले बायकोचं तोंड दिसलं नाही. दिसे ती पाठ, अन् ऐकू ये ती घुगरी.

मी तिले चिडवायची, "काय व धानी, नवऱ्याले मांगं ठेवते अन् आपण पुढं पुढं मिरवते."

ती म्हणे, "पुढं ठेवला तर हरेक झाडाखाली बिडी प्यायले बसन तो, सत्याबाई."

खेमसिंग मांगून हसे. बोलणारा माणूस नव्हताच तो. दोघांचं मिळून जेवढं बोलायचं तेवढं धानी बोलून टाके.

मंग धानीले कावीळ झाली. झाडपाला झाला, मंत्र झाला, अन् मोठ्या दवाखान्यात नेलं तोवर डोळेच नाही, नखं बी पिवळी पडली होती. गेली. मले आजही राग येते. कोणावर येते ते समजत नाही, पण येते.

तेरवी झाली अन् खेमसिंग कामावर निघाला. खच्चरी निघाल्या नाही. लगाम ओढला, गूळ दाखवला, पुढून ओढलं, मांगून ढकललं. दोघी जमिनीत गाडल्यावानी उभ्या. चारा टाकला तर तोंड लावत नव्हत्या, तांड्याच्या वाटेकडं कान करून उभ्या राहात. चार दिवसात बरगड्या मोजता येतील अशा झाल्या. एक दिवस त्यानं लालीले काठी मारली. आंगावर वळ उठला तिच्या. मारली अन् काठी फेकून तिच्याच गळ्यात पडून हुंदके देऊन रडला. बायको गेली तेव्हा नाही रडला तो इतका. मी धुऱ्यावरून पाह्यलं अन् घरी आली.

तेवढ्यात पुण्याहून त्याचा पोरगा अमरसिंग आला. आईचे दागिने सुनेकडं जायचे, ती रीतच हाये, म्हणून न्यायले आला. त्यानं अंगणात पेटी उघडली, एक एक चीज काढू लागला. घुगरी हातात घेतली, ती वाजली. अन् गोठ्यातून लाली खिंकाळली! दोघी दोरी ताणून अंगणाकडं तोंड करून उभ्या. खेमसिंग उठला, पोराच्या हातातून घुगरी घेतली, दोन पावलं चालला. खच्चरी त्याच्याकडं वळल्या. घुगरी हातातच धरून त्यानं चाऱ्याची पेंढी टाकली. दोघींनं तोंड लावलं.

"बाकी सगळं ने," तो पोराले म्हणाला. "घुगरी राहू दे."

केसात तर बांधता येत नाही, म्हणून कमरेले बांधली. मंग काय विचारता! तांडाभर खी-खी. पोट्टे मांगं मांगं "खेमीबाई, खेमीबाई" करत फिरत. तांड्याचा नायक गुलाबसिंग घरी आला अन् चार माणसांसमोर म्हणाला, "काय बे, बाईची चीज आंगावर घालते, लाज नाही वाटत?"

खेमसिंग एवढंच म्हणाला, "लाज मले वाटली पाह्यजे नायक. तुले काहून वाटून राह्यली?"

त्याच्या तोंडून एका दमात एवढं मी पहिल्यांदा ऐकलं. मले तर टाळ्या पिटाव्या वाटल्या.

पण एक गोष्ट मले पटत नव्हती. घुगरीवाला पुढं लागते, पहारवाला मांगं लागते, अन् हा एकटा. पुढं चालला तर लाकडाकडं कोण पाहीन? मी म्हटलं, "भाऊ, मांगं एखादा गडी ठेव गा. लाकूड कोण्या दिवशी टांग मोडन तुही."

"पुढची जागा तिची, मांगची माही," तो म्हणाला. "तिसरा कायले?"

आता याले काय म्हणावं? मांगची जागा रिकामी ठेवून घुगरी वाजवत तो तिच्या जागी पुढं चाले. डोंगरात दिवसभर एकटा. घरी आला की एकटा. मी भाकर नेऊन दिली तर "ठेव बाई," म्हणे, दुसऱ्या दिवशी भांडं घासून धुऱ्यावर ठेवे. बोले तो फक्त त्या खच्चरांशी. त्याइले सांगे, आज उतार ओला हाये, आज ठेकेदार येणार हाये, आज धानीले जाऊन एक साल झालं. मी माह्या वावरात निंदत निंदत ऐकत राहायची.

अन् व्हायचं तेच झालं. फाल्गुनात त्याच्याच वावरातलं सागवान तोडलं. त्यानं अन् धानीनं लग्नानंतर लावलेली झाडं होती ती. मी तूर बांधून राह्यली होती. डोंगरावरून छुमछुम चालू होती अन् एकदम बंद पडली. मी माह्या नवऱ्याले, उकंडाले, म्हटलं, "उठा हो, काही तरी झालं." आमचा उकंडा धीमा माणूस, पण त्या दिवशी पळाला. लाकूड मांगून खच्चरींच्या बाजूनं घसरत येऊन खेमसिंगच्या पायावर बसलं होतं. मांगं पाह्यले कोणी असतं तर आलंच नसतं. खच्चरी जागच्या हालल्या नव्हत्या. हालल्या असत्या तर साखळीनं लाकूड ओढून त्याचा पार चुरा झाला असता. लाली मान खाली घालून त्याच्या कमरेले हुंगत होती.

पायात रॉड टाकला. डॉक्टरनं सांगितलं, डोंगर बंद. अमरसिंग आला अन् म्हणाला, "बा, खच्चरं विक अन् पुण्याले चाल."

"पुण्यात कोण बोलन माह्याशी?"

"इथं कोण बोलते?"

खेमसिंग गोठ्याकडं पाहात राह्यला. उन्हाळाभर अन् पावसाळाभर त्या दोघींचा चारा-पाणी मी अन् उकंडानं केलं, पण आमच्या बी वयाचं काही हाये की नाही. बिनकामाच्या खच्चरी बांधून ठेवल्या की सडतात, हे त्याले आमच्याहून जास्त समजे. आखरीले, दिवाळी झाल्यावर, तो म्हणाला, "विक. पण मी येत नाही."

मारेगावकडचा फकिरा म्हणून माणूस तयार झाला. सागवान ओढायचंच काम त्याचं. बोलायले चांगला वाटला. आल्या आल्या खच्चरांचे खूर पाह्यले, दात पाह्यले, अन् पाणी पाजलं का म्हणून विचारलं. गाडी त्यानं फाट्यावर उभी केली, कारण तांड्याच्या नाल्यावरचा पूल खचला हाये. तिथपर्यंत खच्चरांले चालतच न्यायचं होतं.

त्या सकाळी खेमसिंगच्या कमरेले घुगरी नव्हती. माह्या लगेच ध्यानात आलं. उशाखाली ठेवली होती त्यानं, मले मंग समजलं. खच्चरं जातील पण घुगरी आपल्याजवळ राहीन, एवढीच आशा होती बिचाऱ्याची. मी बी मनात म्हटलं, चाला व बायांनो, एक डाव चाला बिनघुगरीच्या. त्याच्यासाठी चाला.

फकिरानं दोरी धरली, "हुर्र" केलं. दोघी उभ्या. अमरसिंगनं मांगून थोपटलं. उभ्या. फकिरानं गूळ काढला, आंगावर पोतं टाकून पाह्यलं, डोळे बांधून पाह्यले. उभ्याच. शेवटी त्यानं काठी उचलली. मारली नाही, उचललीच फक्त.

"थांब," खेमसिंग म्हणाला.

लंगडत आत गेला. बाहेर आला तेव्हा हातात घुगरी होती. तो फकिराच्या कमरेले बांधू लागला तशी माही तर तळपायाची आग मस्तकात गेली. "भाऊ, डोकं फिरलं का गा तुहं? धानीची चीज हाये ते! जनावरापायी परक्या माणसाच्या आंगावर घालून राह्यला?"

फकिरा बी मांगं सरकला. "नाही बाबा, बाईमाणसाची चीज. मले पाप लागन."

खेमसिंगची गाठ बसत नव्हती. "लागत नाही पाप," तो म्हणाला. "बिनघुगरीच्या ह्या दोघी काय करतात ते मी पाह्यलं हाये. चारा सोडतात. मंग तू मारशीन. मारलं की त्या अजून अडतीन. मी इथं बसून काय करू मंग?" अन् माह्याकडं न पाहता म्हणाला, "सत्याबाई, धानीनं बी हेच केलं असतं. शिव्या देऊ नको."

मी तोंडात पदर कोंबला.

गाठ बसली. "म्हण, आव, आव," त्यानं फकिराले शिकवलं. फकिरा लाजत लाजत म्हणाला अन् चालू लागला. छुम छुम. लालीनं कान टवकारले. मंग पाय उचलला. तिच्या मांगं भुरी.

अन् त्याइच्या मांगं खेमसिंग निघाला.

हातात पहार नाही, काठी होती. मधात लाकूड नाही, काही नाही. तरी तेवढंच अंतर ठेवून, नजर खाली जमिनीवर, उतारावर लाकूड येऊन राह्यल्यावानी. अमरसिंग ओरडला, "बा, तुह्या पायाले झेपत नाही, थांब!" तो थांबला नाही. ऐकूच गेलं नाही त्याले. मी अन् अमरसिंग मांगं मांगं. नाला उतरला, चढला, फाट्यावर आला. खच्चरी गाडीत चढल्या, कारण फकिरा पहिले चढला. फळी लागली. गाडी मारेगावच्या रोडले वळली तरी खड्ड्या-खड्ड्यातून घुगरी ऐकू येत होती. मंग नुसतं इंजन. मंग ते बी नाही.

खेमसिंग सडकेच्या मधात उभा. एक जीप हॉर्न वाजवत बाजूनं गेली. अमरसिंगनं हात धरला, तो झटकला.

मी जवळ गेली. "चाल भाऊ, घरी चाल."

त्यानं माह्याकडं पाह्यलं, लेकरू हरवल्यावानी. म्हणाला, "कोणाच्या मांगं चालू, बाई?"

माह्या हातात काचेच्या बांगड्या होत्या, दोन्हीकडं अर्धा अर्धा डझन. मी पुढं झाली अन् त्या वाजतीन असे हात हालवत तांड्याच्या वाटेले लागली. लोक पाहात होते, पाहू देत. बराच वेळ मांगून काहीच आवाज आला नाही. मी वळून पाह्यलं नाही, धानी बी कधी पाहात नसे.

नाल्याजवळ पोचली तेव्हा मांगं काठी टेकल्याचा आवाज आला.