लान्स नायक गावडेचा सात दिवसांचा कोर्स

ऐंशीच्या दशकात माझी पोस्टिंग मुलुंडच्या एका लष्करी डेपोत होती. मी हवालदार, नर्सिंग असिस्टंट. सहाला पीटी, आठला सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी जवानांची तपासणी. एमआय रूम म्हणजे आमचा दवाखाना: दोन खाटा, औषधांचं कपाट आणि कॅप्टन प्रधान हे तरुण डॉक्टर.

एका सोमवारी लान्स नायक शिवराम गावडे आला. कुडाळचा, ट्रक ड्रायव्हर. सगळे जाईपर्यंत बाकावर बसून राहिला. मग हळूच म्हणाला, "लघवीला आग होते. पू येतो. सायबांका सांगू नकात."

"साहेबांना न सांगता औषध कसं देऊ रे?"

साकीनाक्याच्या एका भोंदूकडून त्याने दोन दिवस कसल्याशा गोळ्या घेतल्या होत्या. बायको पंधरा दिवसांनी गावाहून यायची होती.

कॅप्टनसाहेबांना सांगून पुवाची स्लाइड हॉस्पिटलला पाठवली. दुपारी उत्तर आलं: गनोरिया, म्हणजे परमा. तेव्हा पेनिसिलीनचं इंजेक्शन हा नेहमीचा उपाय. त्याआधी, औषध सोसतं का पाहायला, थोडासा टेस्ट डोस.

दोन वाजून दहा मिनिटांनी मी टेस्ट डोस दिला. चार मिनिटांनी गावडे म्हणाला, "घसो आवळता." ओठ सुजले. तो खाली कोसळला.

कॅप्टन प्रधान धावत आले. "ॲड्रिनलिन! पाय वर घे!"

"दिलं, सर."

"बीपी?"

"लागत नाही, सर."

"ऑक्सिजन लाव. दुसरा डोस भर."

दोन पंचवीसला नाडी बोटाला लागली.

पेनिसिलीन बाद झालं. त्याऐवजी टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल, दिवसातून चार वेळा, सात दिवस. कॅप्टनसाहेब रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बरं वाटलं तरी कोर्स सोडायचा नाही. तपासणी स्वच्छ येईपर्यंत बायकोजवळ जायचं नाही."

"येस सर."

त्याने एकही कॅप्सूल चुकवली नाही. नंतरची स्लाइड स्वच्छ आली.

त्याच आठवड्यात तो दोन ड्रायव्हरांना घेऊन आला. बराकीत सगळ्यांसमोर त्यांना म्हणाला होता, "माका झालो होतो. सायबांका जाऊन दाखवा रे, लाजतास कित्याक?" त्यानंतर आमचे ड्रायव्हर साकीनाक्याच्या त्या भोंदूकडे जाईनासे झाले.

पुढे त्याची बदली झाली आणि त्याचं नवं युनिट शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेलं. गोळीबारात जखमींचा ट्रक मागे आणताना त्याला गोळी लागली. त्याने ट्रक थांबवला नाही. एड पोस्टच्या, म्हणजे प्रथमोपचार केंद्राच्या दारात पोहोचल्यावर स्टिअरिंगवरच गेला. मागचे तिघे वाचले.

त्याच्याबरोबर मी नोकरी केली, हे मी ताठ मानेने सांगतो. नाव रँकसकट घेतो: लान्स नायक शिवराम गावडे.