हळदीनं टिपलेला सूर्य

बेंबळी गावात बब्रुवान गुरुजींना सगळे सूर्यगुरुजी म्हणत, आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. बहात्तरच्या दुष्काळात तलावाच्या मोजणीला आलेली एक जुनी दुर्बीण त्यांनी मिळवली, शाळेच्या खिडकीत बसवली. तिच्यातून कागदावर सूर्य पाडायचा आणि त्यावरचे काळे डाग पेन्सिलीनं काढायचे. आठ वर्षांत ढगाळ दिवस सोडले तर खाडा नाही. कागद लावलेली पाटी धरायला शाळेच्या शिपाई मुक्ताबाई. त्यांना अक्षरओळख नव्हती.

एके सकाळी त्या म्हणाल्या, "गुरुजी, हितं कडंला चांदणं सांडलंय. ते काढत न्हाय व्हय?"

गुरुजींना काही दिसेना. "डोळे दिपलेत तुमचे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी घरून हळदीची पुडी आणली. पांढऱ्या कागदावर उजेड काढायला पेन्सिल काय कामाची! ओल्या बोटानं त्यांनी कडेला पिवळे ठिपके उमटवले. तिसऱ्या दिवशी नेमका तिथंच काळा डाग निघाला. डाग मधोमध सरकला तसं चांदणं दिसेनासं झालं. "पल्याडच्या कडंला निघंल बघा," बाई म्हणाल्या. दहा-बारा दिवसांनी निघालंही. डाग तोवर विझला होता, चांदणं शाबूत होतं.

गुरुजींचा नुसता जळफळाट झाला. बी.एस्सी. आपण, दुर्बीण आपली, आणि सूर्यानं गुपित सांगावं ते पाटी धरणाऱ्या बाईला! हेडमास्तरसुद्धा आता बाईंनाच विचारत, "उद्या डाग कुठं?"

दूरच्या एका वेधशाळेला चित्रं पाठवायची होती. गुरुजींनी ती सगळी नव्या कागदांवर उतरवली. काळं तेवढं घेतलं, पिवळं गाळलं.

महिन्यानं उत्तर आलं. 'डाग अचूक आहेत. पण कडेचे उजळ ठिपके नाहीत. चुंबकत्वानं होणारे हे ठिपके डागाच्या आधी येतात आणि डाग गेल्यावरही उरतात. ते टिपणारी नजर दुर्मिळ. आपल्याकडे असं कुणी असल्यास नाव कळवावं, आम्ही त्यांना इकडे बोलावू.'

गुरुजींनी पत्र चारदा वाचलं.

"काय लिवलंय?" बाईंनी विचारलं.

"डाग आवडले म्हणतात."

"आन् चांदणं?"

"त्याचं काही नाही लिहिलं."

"ऱ्हाऊ द्या. तुमचं नाव झालं, लई झालं," बाई म्हणाल्या, आणि खरंच खूश दिसल्या.

गुरुजींनी लगेच जबाब लिहिला, 'आमच्याकडे असे ठिपके कुणालाही दिसत नाहीत.' पाकीट चिकटवलं आणि टपालात टाकायला मुक्ताबाईंच्याच हातात दिलं.