एकोणसाठ किलो आठशे

"रिंगमध्ये न उतरलेल्या माणसाकडून माझा पोरगा दोनदा हरलाय, सर. आता तिसऱ्यांदा हरवताय का?"

कोच पवारांनी रँकिंगची यादी माझ्या टेबलावर आपटली. पोरगा म्हणजे त्यांचा चेला गणेश, साठ किलो वजनगटातला आमचा दोन नंबर.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर शाफ्टची मापं तपासतो. संध्याकाळी पिंपरीत आमच्या बॉक्सिंग संघटनेचं रँकिंग बघतो, म्हणजे कुठल्या गटात कोण कितव्या नंबरला हे ठरवतो आणि शिव्या खातो. राज्याच्या स्पर्धेला प्रत्येक गटातून फक्त एक नंबर जातो. ऐनवेळी बदली चालत नाही. गणेशला खेळाडू कोट्यातून भरती व्हायचं होतं. त्यासाठी राज्याचं सर्टिफिकेट लागतं, आणि वयाच्या अटीत त्याचं हे शेवटचं वर्ष होतं.

एक नंबरला होता सागर. दीड वर्षात त्याची एकही लढत झाली नव्हती. दोनदा त्याचं नाव राज्याला गेलं, दोनदा तो आलाच नाही, आणि जागा फुकट गेली.

खरं तर वर्षभर लढत नसेल तर खेळाडू इनॅक्टिव्ह धरतात आणि नाव काढतात. पण आमची पोरं कंपनीत शिफ्ट करणारी. लढतीसाठी सुट्टी मागितली की सुपरवायझर गेटकडे बोट दाखवतो. म्हणून मीच एक सवलत आणली होती. दर महिन्याला वजनकार्ड पाठवायचं, त्यावर वजन घेणाऱ्याची सही. वजन गटात असलं की माणूस तयारीत आहे असं समजायचं आणि नाव ठेवायचं. सागरचं कार्ड एकही महिना चुकलं नव्हतं.

अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "सवलत तुम्हीच आणली ना? मग तुम्हीच निस्तरा."

मी सागरची सगळी कार्डं काढून ओळीने मांडली. एकोणसाठ किलो आठशे ग्रॅम. पुढच्या महिन्यात एकोणसाठ आठशे. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. सगळ्या कार्डांवर तेच. माणसाचं वजन सकाळ-संध्याकाळ बदलतं. कंपनीत एकसारखं रीडिंग यायला लागलं की आम्ही ओळखतो, एकतर गेज अडकलंय किंवा कुणी मोजतच नाही. पण खाली सही आणि लायसन्सचा शिक्का सागरच्या वडिलांचा, नानांचा. नाना चाकणच्या कांदा मार्केटात तोलार, म्हणजे काट्यावर माल तोलणारे. त्यांच्या वजनावर व्यापारी आणि शेतकरी दोघंही वाद घालत नाहीत.

गुरुवारी आमच्या भागात वीकली ऑफ असतो. त्या दुपारी मी नानांच्या घरी गेलो. उंबऱ्याबाहेर बॉक्सिंगचे बूट होते. दोरीवर हाताला बांधायच्या पट्ट्या वाळत होत्या आणि त्यांतून पाणी ठिबकत होतं. मागच्या पत्र्याच्या शेडमधून आवाज येत होता. धप्, धप्. मग दोन झटपट. बॅगवर असे ठोसे मी हजारदा ऐकलेत. मला एकदम हायसं वाटलं. पोरगं आहे तर!

"सागर आहे का?" मी नानांना विचारलं.

"सरावाला गेलाय."

"मग मागं कोण आहे?"

मी शेडमध्ये गेलो. कुणी नव्हतं. दुसरं दारही नव्हतं. पंचिंग बॅग हलत होती. वाऱ्याने हलावी तशी नाही, चांगली हातभर झोके खात होती. मी सवयीने तळहात लावून ती थांबवली. एका बाजूला ती कोमट लागली. उन्हाने तापली असेल असं मी मनाशी म्हटलं, पण शेडमध्ये ऊन येत नव्हतं.

नाना मागून आले. "हात लावलाच हाय तर धरा जरा," म्हणाले.

आम्ही दोघांनी बॅग आकड्यावरून काढली. कोपऱ्यात प्लॅटफॉर्म काटा होता. त्यावर ठेवली. एकोणसाठ आठशे.

"नाना, हे काय आहे?"

"दीड वर्सामागं एका सकाळी फर्स्ट शिफ्टला जाताना त्यानं वजन केलं. एवढंच भरलं. कंपनीच्या बसमधनं गेटवर उतरला, लोकांनी बघितला. आत काय गेला न्हाई. घरी बी आला न्हाई. पोलिसात तक्रार दिलीया." त्यांनी बॅगवरची धूळ पुसली. "मग मी बॅगेत वाळू भरली, त्याच्या वजनाची. महिन्याला थोडी गळती. पुन्हा भरतो, तोलतो आन् कार्ड लिव्हतो. न तोलता आकडा लिव्हत न्हाई मी, सायेब."

"आणि पट्ट्या?"

"रोज घामेजलेल्या असत्यात. धुवाय नको?"

आम्ही बॅग पुन्हा आकड्यावर टांगली. मग मी गणेशचं सांगितलं. त्याचं वय, त्याची भरती, दोनदा फुकट गेलेली जागा. नानांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"त्या पोराचं बरोबर हाय," ते म्हणाले. "पर नाव काढलं तर सागरनं यायचं कुठं?"

बघतो म्हणालो आणि निघालो. गाडीपर्यंत पोचेतो शेडमधून पुन्हा आवाज सुरू झाला. नाना समोर उंबऱ्यातच उभे होते.

यादी लावायची मुदत सोमवारी सकाळी संपत होती. मी सागरचं नाव काढलं, गणेशला एक नंबरवर घेतलं आणि नऊ वाजता यादी ग्रुपवर टाकली. पवारांचा लगेच फोन आला. गणेश मागे रडत होता. निर्णय चुकला असं मला तेव्हाही वाटलं नाही. पुढे तो राज्याला पदक घेऊन आला आणि भरतीतही लागला.

पण सोमवारी कंपनीत माझं मापात लक्ष लागेना. नानांना सांगायला हवं होतं. त्यांच्याकडे साधा बटणाचा फोन, ग्रुपवरचं त्यांना दिसणार नव्हतं. हे फोनवर सांगायचं कसं म्हणून हाफ डे टाकला आणि दुपारी त्यांच्या घरी गेलो.

बूट उंबऱ्याबाहेरच होते. पट्ट्या दोरीवर होत्या, कोरड्या ठणठणीत. नाना शेडमध्ये बॅगेला दोन्ही हात लावून उभे होते. मी तोंड उघडायच्या आधीच ते बोलले.

"नऊच्या सुमाराला थांबली, सायेब. तवापासनं हललीच न्हाई. तुमी नाव काढलं का?"

मी होकारार्थी मान हलवली. नाना तिथेच खाली बसले आणि हमसून हमसून रडले. दीड वर्षात ते रडले नव्हते, असं त्यांच्या शेजारणीने मला नंतर सांगितलं.

कार्डाची सवलत आम्ही बंद केली. आता दर सहा महिन्यांनी खेळाडूने स्वतः येऊन आमच्यासमोर काट्यावर उभं राहायचं. लढत नाही त्याने जागा अडवू नये, हे माझं मत आजही तेच आहे. फक्त नियमावलीत मी एक ओळ जास्तीची घातली आहे. नाव काढायचं असेल तर आधी त्याच्या घरी जाऊन सांगायचं, यादी नंतर लावायची.

मी ते उलट केलं होतं.