पुलापलीकडचा बाजार

उत्तनच्या किनाऱ्याला चौक म्हणून गाव आहे. तिथल्या पास्कलला समुद्रावर जाणं कधी जमलं नाही, आणि मच्छीमाराच्या घरात यापेक्षा मोठी अडचण नसते. लहानपणापासून त्याचा डावा कान वाहायचा. वडिलांनी एकदा त्याला बोटीवर नेलं तर चक्कर येऊन तो जाळ्यांच्या ढिगावर आडवा झाला आणि किनाऱ्याला लागेपर्यंत उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, याला पाण्यावर पाठवू नका. मग दोघे भाऊ बोटीवर गेले आणि पास्कल गाडी चालवायला शिकला. पुढे त्या कानाने ऐकू येणंही बंद झालं.

लग्न झालं, गेविन नावाचा मुलगा झाला. गेविन शाळेत असतानाच बायको काविळीने गेली. मुलाला त्याने एकट्याने वाढवलं, आणि मिसरूड फुटल्यावर तो मस्कतला नोकरीला गेला तो तिथलाच झाला. सत्त्याऐंशी साली पास्कलने जुनी मेटॅडोर विकत घेतली, तेव्हा घरात तो एकटाच होता.

त्या गाडीला पहिल्यापासून एक ठरलेलं काम मिळालं. चौक आणि तारोडीच्या सहा-सात बायका सुकी मासळी घेऊन मनोरच्या आठवडी बाजाराला जायच्या. मनोर पार हायवेवर, रेल्वेपासून लांब. टोपल्या आणि गोण्या घेऊन एसटी बदलत जायचं म्हणजे अर्धा बाजार उठून जायचा. पास्कलची गाडी मिळाल्यावर त्यांचं सोपं झालं. पहाटे चौकातून निघायचं, तारोडीला थांबायचं, भाईंदरचं रेल्वे फाटक ओलांडायचं, नवघरवरून काशीमिरा गाठायचं, तिथून हायवे आणि घोडबंदरजवळचा खाडीवरचा पूल. बाजारात वाडा-जव्हारकडची माणसं पावसाळ्याची बेगमी करायला यायची. बोंबील, जवळा, वाकट्या, सगळं दुपारपर्यंत खपायचं.

तारोडीहून चढणाऱ्यांत व्हेरा होती. तिचा नवरा गोदीत कामाला होता, तिथेच अपघातात गेला. रोशन हा तिचा एकुलता एक मुलगा, तेव्हा कॉलेजात शिकत होता. मागे बसलं की धक्क्यांनी तिला मळमळायचं, म्हणून बायकांनी तिला पुढे पास्कलशेजारी बसवलं, आणि तिच्या पलीकडे खिडकीला सगळ्यांत वडीलधाऱ्या आग्नेसबाय. आग्नेसबाय काशीमिऱ्याच्या आधीच झोपून जायच्या.

पास्कलचा बहिरा कान नेमका व्हेराच्या बाजूला. त्यामुळे तिला ओरडूनच बोलावं लागायचं. रोशनला किती मार्क मिळाले, बोंबलाच्या मांडवावर कावळे कसे बसतात, शेजारणीने हद्दीवरून कसं भांडण काढलं, हे सगळं मागच्या बायकांनाही ऐकू जायचं आणि त्या मागूनच उत्तरं द्यायच्या. त्या दोघांत खासगी असं बोलणं होणं शक्यच नव्हतं. तरी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी पास्कल गाडी धुताना पुढची सीट दोनदा पुसायचा. आठवड्यातले बाकीचे दिवस त्याला कोणी हाक मारत नसे.

तेव्हाचा पूल जुना होता. दुरुस्ती निघाली की एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडायचे आणि रांग पार घोडबंदरपर्यंत लागायची. बायका खाली उतरून वाऱ्याला उभ्या राहायच्या, भाकरी सोडायच्या. बाजूला नव्या पुलाचे खांब पाण्यातून वर येत होते. येता-जाता सगळे ते बघायचे, आणि दर फेरीला कोणीतरी म्हणायचं, "हा झाला की सुटलो."

तो झाला. पहिल्यांदा त्यावरून गेले तेव्हा आग्नेसबाय जाग्या राहिल्या आणि मध्यावर त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. ते काही महिने फार सुखाचे गेले. बाजाराला सगळ्यांच्या आधी पोचायचं आणि उजेडी घरी यायचं.

मग पुलाच्या तोंडाशी पत्र्याच्या केबिनी उभ्या राहिल्या आणि आडवा बांबू आला.

"टेम्पोचा टोल," केबिनीतला माणूस म्हणाला. "येताना परत लागेल."

"आम्ही इथलेच हाव," पास्कल म्हणाला.

"इथले म्हणजे कुठले?"

"उत्तनकडचे."

"मग इथले कुठे? ते तर तिकडे समुद्रावर. सवलत पुलाजवळच्या गावांना आहे."

खिडकीकडून आग्नेसबाय म्हणाल्या, "अरे बाबा, आम्ही विकायला चाललो. अजून हातात काय आलं न्हाय."

"मावशी, पीछे लाइन लगी है," तो माणूस म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला दिवसभर सगळ्यांना हेच सांगायचं होतं.

मोटारवाल्यांना तो टोल जाणवला नसेल. मोठ्या ट्रकवाल्यांनी तो भाड्यात लावला. पण सहा-सात टोपल्यांच्या गाडीला तो दोन्ही वेळा बसला की एका टोपलीचा नफा त्यात जायचा. पहिले दोन महिने पास्कलने बायकांना न सांगता तो आपल्या खिशातून भरला. आग्नेसबायच्या लक्षात आलं.

"किती दिवस पदरचं घालशील?" त्यांनी विचारलं.

"जमतंय तोवर."

"जमत न्हाय ते दिसतंय. टायर बघ तुझे."

मग बायका वाटून भरायला लागल्या, आणि वाटून भरायला लागल्यावर प्रत्येकीच्या डोक्यात हिशोब सुरू झाला. त्याच सुमाराला भाईंदरचा हरिश्चंद्र शेठ गावात यायला लागला. त्याचा ट्रक होता. तो अंगणात येऊन सगळा माल एकदम उचलायचा. भाव कमी द्यायचा, पण जागेवर द्यायचा. ट्रक एक, माल गावभराचा, त्यामुळे त्याला टोल परवडायचा. आधी चौकातल्या दोघी थांबल्या. मग तारोडीच्या. आग्नेसबाय पावसाळ्यानंतर आल्याच नाहीत. म्हणाल्या, गुडघे दुखतात, आणि शेठ दारात येतोय.

शेवटी व्हेरा एकटी राहिली. तिचं म्हणणं, आपल्या हाताने सुकवलेला बोंबील आपल्याच हाताने विकायचा. अशा चार-पाच फेऱ्या दोघांनी केल्या. मागची जागा जवळजवळ रिकामी, त्यामुळे गाडी खडखडायची आणि तिला अजून मोठ्याने बोलावं लागायचं. मागून उत्तर द्यायला कोणी नसल्यामुळे मग ती हळूहळू गप्पच बसायला लागली.

एकदा परतताना पुलाच्या टोलला मोठी रांग होती. पास्कलने इंजिन बंद केलं.

"पुढच्या बाजाराला मी येत न्हाय," व्हेरा म्हणाली.

त्याने मान वळवून उजवा कान तिच्याकडे केला. तिने पुन्हा सांगितलं.

"का?"

"का काय? दोन टोपल्यांसाठी गाडी इतकी लांब जाते का कुठं? तुला परवडत न्हाय, मला परवडत न्हाय. लोकांना एवढा हिशोब येतो, पास्कल. रविवारी चर्चला मिस्साला गेले तर मला बघून बायका बोलता बोलता थांबल्या."

पास्कलने पुढच्या रांगेकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "लगीन करू. मग कोण काय बोलणार?"

ती हसली नाही, चिडलीही नाही. पदराने तोंड पुसून म्हणाली, "रोशनसाठी मुलगी बघतोय. घर चांगलं हाय. या टायमाला मी लग्नाला उभी राहिले तर ती माणसं काय म्हणतील?"

"त्याचं झाल्यावर?"

"तवाचं तवा बघू."

मागच्या ट्रकने हॉर्न दिला. पास्कलने गाडी पुढे घेतली आणि टोल भरला. तारोडीला उतरताना तिने आपल्या वाट्याचे पैसे सीटवर ठेवले आणि टोपल्या उचलून गेली.

चौक आणि तारोडी काही लांब नाहीत. पण पास्कलला तिच्या घरी जायला काही कारण नव्हतं. बाजार होता तोवर कारण लागतच नव्हतं. गाडी थांबायची आणि ती चढायची. नाताळात तो एकदा गोड घेऊन गेला. रोशनने खुर्ची दिली, मस्कतची चौकशी केली. व्हेराने आतून चहा पाठवला आणि दारात उभं राहून "गेविन बरा हाय ना?" एवढं विचारलं. चहा पिऊन तो उठला. दुसऱ्यांदा जायला काय सांगायचं हे त्याला सुचलं नाही.

कामाला तोटा नव्हता. मिरा रोडला मिठागरांच्या कडेने इमारतीच इमारती उठत होत्या. पास्कल टाइल्स, विटा, रेतीच्या गोण्या टाकायला लागला. हमाल मागे बसायचे, आपसांत भोजपुरीत बोलायचे. पुढच्या सीटवर आता दोर, ताडपत्री आणि पाण्याचा डबा असायचा.

मनोरला तो पुन्हा एकदाच गेला. कोणाला सांगितलं नाही. बाजाराच्या दिवशी रिकामी गाडी घेऊन निघाला, टोल भरला, आणि बाया जिथे बसायच्या तिथे वडाखाली जाऊन उभा राहिला. त्या जागी एक माणूस प्लास्टिकच्या बादल्या विकत होता. वाड्याकडचे धर्माजी म्हणून एक म्हातारे शेतकरी व्हेराचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी पास्कलला ओळखलं.

"आमची मावशी कुठाय? किती दिस झालं, दिसली नाय. मेली का काय?"

"न्हाय न्हाय. बरी हाय."

"मग येत का नाय?"

"पुलावर टोल लागला."

धर्माजींना ते काही उमजलं नाही. "पूल तर चांगला झाला म्हणं," ते म्हणाले. मग शेठच्या माणसाकडून त्यांनी बोंबील घेतले, पास्कलला दाखवले. "हे बघ. ओल हाय यात अजून. तिचं असं नसायचं." पास्कलने वास घेऊन मान हलवली. दोघांनी टपरीवर चहा घेतला आणि धर्माजी आपल्या गाडीची वेळ झाली म्हणून निघाले. पास्कलने दुसरा चहा मागवला. येताना पुलावर केबिनीतल्या माणसाने मागे वाकून पाहिलं आणि "खाली?" असं विचारलं.

"हो, रिकामी," पास्कल म्हणाला. टोल तेवढाच होता.

रोशनचं लग्न झालं. पास्कल जेवायला होता. व्हेरा पाहुण्यांत फिरत होती, तिने त्याच्या ताटाकडे बघून वाढणाऱ्याला खूण केली. त्यानंतर पास्कल वाट बघत राहिला. घाई केली तर बरं दिसणार नाही, असं त्याला वाटायचं. मग सुनेला दिवस गेले असं कानावर आलं, तेव्हा त्याला वाटलं की आता तर मुळीच बरं दिसणार नाही. अशी दोन वर्षं गेली.

एका सकाळी रोशन स्वतः चौकात आला. त्याने मिरा रोडला फ्लॅट घेतला होता, सामान न्यायचं होतं.

"आई पण येतेय आमच्याबरोबर," तो म्हणाला. "मिसेसची नोकरी आहे. बाळाला कोण बघणार? टेम्पो तुमचाच बघायचा म्हणाली आई."

पास्कलने पुढच्या सीटवरचा दोर आणि ताडपत्री मागे टाकली. सून बाळाला घेऊन रिक्षाने पुढे गेली. कपाट पडू नये म्हणून रोशन मागे सामानात उभा राहिला. व्हेरा पुढे बसली, मांडीवर मारीया मातेची तसबीर घेऊन. तिचे केस बरेच पिकले होते. उत्तनचा चढ ओलांडून गाडी भाईंदरला आली तेव्हा रेल्वे फाटक पडलं होतं. पास्कलने इंजिन बंद केलं आणि तिच्याकडे वळला.

"तू परत विचारलं न्हाय," व्हेरा म्हणाली. तो वळला होता, त्याला नीट ऐकू आलं.

"तू म्हणालीस, बघू."

"हं. रोशनच्या लग्नानंतर मी वर्षभर वाट बघत होते."

एक गाडी गेली. फाटक उघडलं नाही, उलट बाजूने दुसरी येत होती.

"आता विचारू?" पास्कल म्हणाला.

"आता पोर सहा महिन्यांचं हाय," व्हेरा म्हणाली, आणि तसबिरीच्या काचेवरची धूळ पदराने पुसत राहिली. मागून रोशनने गाडीच्या पत्र्यावर थाप मारली. फाटक उघडलं होतं.

सामान तिसऱ्या मजल्यावर चढवायला दुपार झाली. लिफ्ट सुरू व्हायची होती. रोशनने भाडं पुढे केलं. पास्कलला घ्यायचं नव्हतं. पण घेतलं नाही तर रोशन कारण विचारेल, म्हणून घेतलं आणि न मोजता खिशात टाकलं. व्हेरा स्वयंपाकघरात डबे लावत होती. "येतो," तो म्हणाला. "सांभाळून जा," ती आतून मोठ्याने म्हणाली.

पुढच्या वर्षी त्याच इमारतीच्या मागच्या विंगला टाइल्स टाकायचं काम आलं. उन्हाळ्याचे दिवस होते. हमाल पेट्या उतरवत होते आणि पास्कल गाडीच्या सावलीत उभा होता. वर बघितलं तर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत व्हेरा नातवाला कडेवर घेऊन उभी होती. ती त्याला खालच्या गाड्या दाखवत होती. तिची नजर मेटॅडोरवर आली, मग पास्कलवर. तिने मुलाचा हात मनगटाशी धरून हलवला. पास्कलनेही हात वर केला. मूल हसलं की रडलं, ते इतक्या खालून कळलं नाही. आतून कुणीतरी हाक मारली असावी. ती वळली आणि दार लागलं.

"कौन है, चाचा?" एका हमालाने विचारलं.

"हमारे उत्तन तरफ की है," पास्कल म्हणाला, आणि पेट्या मोजायला गाडीत चढला.