मास्तर शेवटी काय म्हणाले

खिळेताईच्या दुकानात खुर्ची दुरुस्तीला टाकायला गेलात आणि ती बोलली नाही, तर रागावू नका. तोंडात खिळे असतात तिच्या. सोफ्याचं कापड ताणून ठोकायचं म्हणजे दोन्ही हात गुंतलेले, एका हातात कापड, दुसऱ्यात हातोडी. मग खिळे ठेवायचे कुठे? बारीक काळ्या खिळ्यांची चिमूट तोंडात टाकायची, जिभेनं एकेक ओठांवर आणायचा, हातोडीच्या चुंबकाला चिकटवायचा आणि हाणायचा. पाहणारा डोळे मिटून घेतो. हिला त्याचं काहीच नाही. नवऱ्याकडून काम शिकली, तो गेल्यावर दुकान एकटीनं रेटलं, आणि "बाईमाणूस सोफे कसे उचलणार?" असं विचारणाऱ्यांना तिनं सोफ्याचं दुसरं टोक धरायला लावलं.

गंमत अशी की ही जन्मली त्या घरात बोलण्याखेरीज दुसरं काही चालतच नसे. तिचे वडील मास्तर. शाळेतून निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. दर रविवारी त्यांच्या पुढच्या खोलीत विचार मंडळ भरायचं. देव आहे की नाही, मेल्यावर काय उरतं, 'मी' म्हणतो तो नेमका कोण, असा काथ्याकूट सकाळी सुरू झाला की जेवणाची वेळ टळून जाई. (खरा काथ्या काय तो लेकीच्या दुकानात, आणि त्याच्यावर निदान बसता तरी येतं.) मास्तर म्हणायचे, देव-बिव काही नाही, माणसानं बुद्धीच्या उजेडात जगावं आणि तसंच मरावं. मंडळाचे सेक्रेटरी लगेच मान डोलावून ते टिपून घ्यायचे. आणि समोर बसून दात-ओठ खायचे ते काका, मास्तरांचे धाकटे भाऊ. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करणारा माणूस, पण मंडळ एकदाही चुकवलं नाही.

"दादा, शेवटच्या घटकेला तू देवाचंच नाव घेशील, बघ!"

"आणि नाही घेतलं तर तू सोडशील का?"

हे भांडण इतकं जुनं होतं, की दोघांपैकी एकाला सर्दी झाली तर दुसऱ्याला करमायचं नाही.

खिळेताई त्या खोलीत चहाचे कप घेऊन यायची आणि रिकामे कप घेऊन जायची. "तुला काय वाटतं गं?" असं तिला कुणी कधी विचारलं नाही. मास्तरांनीही नाही. सगळ्या जगाच्या डोक्यात काय चाललंय याची त्या माणसाला काळजी, पण पोटच्या पोरीच्या डोक्यात काय आहे हे विचारायला सवड झाली नाही. मागच्या भिंतीला टेकून सेक्रेटरीची बायको विणत बसलेली असायची. तिलाही कुणी विचारायचं नाही. दोघी एकमेकींकडे बघून भुवया उडवायच्या, तेवढाच काय तो त्यांचा मंडळातला सहभाग.

तर मास्तर गेले. महिनाभर पुढच्या खोलीतच, खिडकीशेजारच्या पलंगावर, अंथरुणाला खिळून होते आणि एका दुपारी गेले. त्या वेळी खोलीत एकटी खिळेताई होती, आणि इथंच सगळं घोडं अडलं.

अजून घरातली माणसं नीट रडलीही नव्हती, तोवर काकांनी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "शेवटी काय म्हणाला गं? नाव घेतलं ना त्यानं? मला खरं सांग, घेतलं ना?" म्हाताऱ्यानं तिचं मनगट धरून ठेवलं. तिथून सुटून बाहेर येते तर सेक्रेटरी उभे. "ताई, पुढच्या रविवारी शोकसभा आहे. तुम्ही चार शब्द बोलायचे. मास्तर शेवटपर्यंत ठाम होते, कसलाही आधार त्यांनी मागितला नाही, एवढंच. लोक तुमच्या तोंडून ऐकायला येणार आहेत."

"शांतपणे गेले," असं ती दोघांनाही म्हणाली. शांतपणे, हा शब्द फार सोयीचा. त्यात दोघांनाही आपापलं सापडतं.

खरं काय घडलं ते ऐका. मास्तरांच्या खुर्चीची बैठक खचली होती. आजारात त्यांनी हट्ट धरला, की खुर्ची दुकानात न्यायची नाही, माझ्या डोळ्यांसमोर दुरुस्त कर. म्हणून ती पलंगाशेजारी जमिनीवर बसून काम करत होती. पट्टे ताणून झाले होते, कापड चढवत होती. तोंडात खिळे. मास्तर बराच वेळ वर बघत पडले होते. मग म्हणाले, "ऐकतेस का? मला काहीच कळलेलं नाही गं. इतकं बोललो, पण काही कळलेलं नाही. भीती वाटते. तुला वाटते का?"

तिनं बोट वर केलं. थांबा, म्हणून. आणि आणखी एक खिळा ठोकला. मग आणखी एक. कडेपर्यंत ठोकत गेली. वळून बघितलं तेव्हा मास्तर संपले होते.

आता सांगा, यातलं काय सांगायचं शोकसभेत?

पहिले दोन दिवस तिनं स्वतःला समजावलं, की तोंडात खिळे होते, मी काय करणार? खिळे तोंडात असताना बोललं तर एखादा घशात जायचा. बिचारे बोलले आणि माझं तोंड भरलेलं, नशीब म्हणायचं. ही गोष्ट तिनं मनातल्या मनात इतक्यांदा सांगितली, की ती अगदी गुळगुळीत झाली. तरी झोप लागेना आणि घास उतरेना. मग तिनं वडिलांची पुस्तकं काढली. भीती म्हणजे काय, मरण म्हणजे काय, सगळ्याची उत्तरं तिथं समासात मास्तरांच्या बारीक अक्षरात लिहिलेली. वाचून तिचं डोकं उठलं. ज्या माणसानं हे लिहिलं तोच तर शेवटी "काही कळलेलं नाही" म्हणाला होता! काकांबरोबर एकदा प्रार्थनेलाही जाऊन बसली. काकांनी डोळे मिटले, तिनंही मिटले. "सगळं त्याच्यावर सोड, हलकं वाटेल," काका म्हणाले. हलकं तर सोडाच, मिटल्या डोळ्यांपुढे तेच वर केलेलं बोट. ती अर्ध्यातून उठून आली.

आणि मग दुकानात तिची चोरी पकडली गेली. पकडली तीही तिनंच. एक गिऱ्हाईक दारातून डोकावलं. हिच्या तोंडात खिळे, हात कापडात. "ताई, आमचा सोफा कधी मिळेल?" तिनं खिळे पटकन तळहातावर थुंकले, "शनिवारी या," म्हणाली आणि खिळे परत तोंडात टाकले. गिऱ्हाईक गेलं. तिची हातोडी मात्र वरच्या वर राहिली.

किती वेळ लागला होता? डोळ्याची पापणी लवायला लागतो तितका. दिवसाकाठी दहा जणांना ती अशीच उत्तरं देते. दूधवाल्याला देते, भाडं मागणाऱ्याला देते, रस्ता चुकलेल्या वाटसरूलासुद्धा देते. मग बापालाच तेवढं का दिलं नाही?

खाली बसली ती तिथंच, काथ्याच्या ढिगावर. मन मोठं वकील असतं हो. लगेच कामाला लागलं. तू दमली होतीस. 'असू दे!' ती मोठ्यानं म्हणाली. तुला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी बोलतायत. 'खोटं! आवाज वेगळा होता, मला कळलं होतं.' तू तुझं काम करत होतीस, कामातच तुझी सेवा होती. 'चूप बस!' ती इतक्या जोरात ओरडली, की शेजारचा कुलपं दुरुस्त करणारा धावत आला. तिनं त्याला हात जोडून परत पाठवलं आणि दुकानाचं दार लावून घेतलं.

एकेक कारण येत गेलं आणि ती त्याला हाकलत गेली. शेवटी कारणंच येईनात. मग जे उरलं ते काही चांगलं दिसणारं नव्हतं. ती घाबरली होती. मास्तर घाबरलेत हे ऐकून तिच्या पायाखालची जमीन सरकली होती. आणि त्या भीतीच्या बुडाशी राग होता, जुना, चांगला मुरलेला. आता विचारताय? जन्मभर कप उचलायला लावले आणि आता विचारताय, तुला वाटते का? थांबा म्हणावं जरा. तुम्हीही थांबा.

ती खूप रडली. वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच. रडून झाल्यावर तिला बरं वाटलं असं मी म्हणणार नाही, कारण वाटलं नाही. पण भूक लागली. उठून तिनं दोन माणसांचं जेवण एकटीनं खाल्लं.

शनिवारी सेक्रेटरी भाषणाचा कागद घेऊन दुकानात आले. मजकूर त्यांचाच, फक्त वाचायचं काम हिचं. तिनं वाचून तो परत केला.

"हे असं झालं नाही."

"ताई, तपशील महत्त्वाचा नसतो. विचार महत्त्वाचा."

"तुमचा विचार तुम्ही वाचा की. माझ्या बापाच्या तोंडात कशाला कोंबता?"

सेक्रेटरींचा चेहरा उतरला. वाईट माणूस नव्हता तो. मास्तर ठाम राहिले नसतील, तर आपण कुणाच्या भरवशावर राहायचं, ही त्याची पंचाईत होती. तिकडे काकांचीही तीच, फक्त उलट्या बाजूनं. तिला दोघांची दया आली, पण म्हणून ती कुणाच्याच बाजूनं बोलणार नव्हती.

रविवारी पुढची खोली माणसांनी गच्च भरली. बाहेर पायऱ्यांवरही लोक. सेक्रेटरी छान बोलले, अगदी खणखणीत. काकाही उठून बोलले, की दादा तोंडानं नाही नाही म्हणायचा पण मनानं भाविक होता. मग सगळ्यांच्या नजरा हिच्याकडे वळल्या. ती उभी राहिली. हात कुठे ठेवावेत कळेना, म्हणून तिनं ते कमरेवर ठेवले. त्यामुळे ती भांडायला उभी राहिल्यासारखी दिसली, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

"मास्तरांनी देवाचं नाव घेतलं नाही," ती म्हणाली. काकांनी मान खाली घातली. सेक्रेटरींची मान वर झाली. "आणि ते ठामही नव्हते. मला काही कळलेलं नाही, असं म्हणाले. भीती वाटते म्हणाले. तुला वाटते का, असं मला विचारलं."

खोलीत चुळबुळ सुरू झाली.

"मी उत्तर दिलं नाही. तोंडात खिळे होते, पण ते कारण पुढे करू नका, मी करून बघितलंय. मला द्यायचं नव्हतं म्हणून दिलं नाही. राग होता माझा. एवढंच घडलं. याच्या पुढे मला काही माहीत नाही. वर काही आहे का, माहीत नाही. नाही का, तेही माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर खुशाल सांगा, पण माहीत असलेलं सांगा, पाठ केलेलं नको."

मग जो गोंधळ उडाला! "हिच्या मनावर परिणाम झालाय," काका म्हणाले. "दुःखाचा भर आहे, मनावर घेऊ नका," सेक्रेटरी म्हणाले. इतक्या वर्षांत काका आणि मंडळ यांचं एकमत झालं ते हे पहिलंच. मागून कुणीतरी ओरडलं, बापाची अब्रू चव्हाट्यावर आणली. सेक्रेटरी तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, हे स्मरणिकेत छापता येणार नाही."

"नका छापू. पण दुसरं काही छापलंत, तर दारोदार फिरून सांगेन की ते खोटं आहे. माझं दुकान या रस्त्यावरच आहे, सगळ्यांच्या खुर्च्या माझ्याकडेच येतात."

"बस आता खाली," काका म्हणाले. आवाजात धाक आणायला गेले, पण तो आला रडका.

"नाही बसत, काका."

तेवढ्यात मागच्या भिंतीपाशी सेक्रेटरीची बायको उठली. विणकाम तिनं खुर्चीवर ठेवलं. त्या खोलीत तिचा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता, त्यामुळे नवराही वळून बघायला लागला.

"मला एक विचारायचंय," ती म्हणाली. "उत्तर दिलं असतंत, तर काय दिलं असतंत?"

खिळेताईनं याचा विचार केला नव्हता. खरंच केला नव्हता. ती खिडकीशेजारच्या रिकाम्या पलंगाकडे बघत राहिली. लोक वाट बघत राहिले, आणि तिनं त्यांना वाट बघू दिली. मग ती बोलली. लोकांशी नाही. आवाज मात्र बाहेर पायऱ्यांपर्यंत गेला.

"हो बाबा, वाटते. मलाही काही कळलेलं नाही. सरका जरा तिकडे, मी बसते तुमच्याजवळ."